पवनचक्कीला पाती तीनच का? : वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा एक हिशेब

हा विषय खरे तर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने हाताळायचा. मी वाणिज्य शाखेचा, शिवाय शाळेत मराठी माध्यमाचा. दहावीनंतर त्रिकोणमितीचा आणि माझा संबंध सुटला तो सुटलाच. तेव्हा ‘हा नसता उद्योग कशाला?’ असे आमचे विज्ञान शाखेचे मित्र म्हणतील. त्यांना माझे उत्तर एवढेच, की या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांच्या पुस्तकात आहे आणि उरलेले अर्धे आमच्या पुस्तकात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय ‘तीन’ हा आकडा उलगडत नाही. तो कसा उलगडतो, हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

वारा आहे, चक्की नाही

माझे आजोळ तेरेखोलचे. गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदी समुद्राला मिळते. बाकीचा सगळा गोवा नदीच्या दक्षिणेला आणि तेरेखोलचा किल्ला व गाव तेवढे उत्तर तीरावर. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की किल्ल्याचा चढ सुरू होतो. शाळेच्या भूगोलात आपण ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ पाठ केले, ते इथे पाठ करावे लागत नाहीत. दुपार कलली की समुद्रावरून खारा वारा सुटतो, पहाटे जमिनीवरून मतलई वारा समुद्राकडे जातो, आणि पावसाळ्यात तर किल्ल्याच्या तटावर छत्री उघडण्याची सोय नसते.

तेरेखोलात पवनचक्की नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे जावे, वेंगुर्ले, मालवण मागे टाकावे, म्हणजे देवगड लागते. तिथल्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या १९८६ च्या सुमारास. भारतात पवनविजेचे पहिले समूह-प्रकल्प उभे राहिले तेच मुळी किनारपट्टीवर. गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरीन आणि आपल्याकडे देवगड ही त्यांतली नावे. पुढे ही यंत्रे डोंगरपठारांवर चढली. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे, धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल, कर्नाटकात गदग आणि चित्रदुर्ग. २०२५ च्या मार्चअखेर देशातील पवनविजेची स्थापित क्षमता सुमारे ५० हजार मेगावॅटवर पोचली. यंत्रे लहानाची प्रचंड झाली. देवगडच्या काळात ५५ किलोवॅटचे यंत्र म्हणजे पंधरा मीटर व्यासाचे चक्र. आज १४४ मीटर व्यासाची चक्रे भारतात बनतात. सगळे बदलले, पण पात्यांची संख्या मात्र तीनच राहिली. असे का व्हावे?

वाऱ्याचे भांडवल

प्रथम भांडवल किती आहे ते पाहू. वाऱ्यापासून मिळणारी शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, पाती फिरताना जे वर्तुळ व्यापतात त्याचे क्षेत्रफळ. व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट आणि म्हणून शक्तीही चौपट. दुसरी, वाऱ्याचा वेग. इथे मात्र हिशेब घनाने चालतो. वेग दुप्पट झाला तर शक्ती दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट. वेग तिप्पट झाला तर सत्तावीसपट! हा घनाचा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे एका ठिकाणी त्याचे काम पडणार आहे.

या दोन्ही घटकांत पात्यांची संख्या कुठेच येत नाही, ही गोष्ट मला प्रथम फार चमत्कारिक वाटली. सामान्य समजूत अशी, की दोन पात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून वारा ‘फुकट’ निघून जातो. मग ती जागा भरून का काढू नये?

याचे उत्तर जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या गणितात आहे. ते गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीचे. त्यांनी दाखवून दिले, की यंत्र कितीही उत्तम असले तरी वाऱ्यातील शक्तीचा जास्तीत जास्त १६/२७ भाग, म्हणजे सुमारे ५९ टक्के, एवढाच आपल्याला घेता येतो. कारण सोपे आहे. वाऱ्याची सगळीच शक्ती काढून घेतली तर चक्रामागची हवा जागच्या जागी थांबेल, आणि पुढून येणाऱ्या हवेला जायला वाट उरणार नाही. मग ती चक्राला वळसा घालून बाजूने निघून जाईल. बसच्या दारातच माणसे उभी राहिली तर मागच्यांना चढता येत नाही, तसेच हे. तेव्हा मोकळी जागा म्हणजे नुकसान नव्हे, हवेला जाण्यासाठी वाट लागतेच. आजची चांगली यंत्रे ५९ पैकी ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत मजल मारतात.

पाते की पंख?

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील एका मित्राशी या विषयावर बोलत होतो. कन्नडात पवनचक्कीला ‘गाळियंत्र’ म्हणतात आणि तिच्या पात्याला ‘रेक्के’, म्हणजे पंख. मराठीत आपण ‘पाते’ म्हणतो, चाकूचे असते तसे. मला वाटते, इथे कन्नड शब्द अधिक शास्त्रशुद्ध आहे. कारण आधुनिक पवनचक्कीचे पाते वाऱ्याच्या धक्क्याने ढकलले जात नाही. पक्ष्याच्या किंवा विमानाच्या पंखाला जशी वर उचल मिळते, तशी उचल त्याच्या फुगीर आकारामुळे त्याला मिळते आणि त्या उचलीने ते फिरते.

आमच्या तेरेखोलच्या मच्छीमारांना हा फरक शिडावरून ठाऊक असतो. वारा नेमका पाठीमागून असला तर होडी वाऱ्यापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. वारा आडवा घेऊन शीड नीट ताणले की तिला निराळाच वेग येतो. पवनचक्कीचे पाते नेहमी आडव्या वाऱ्यातच चालत असते. म्हणून तीन पात्यांच्या चक्कीत पात्याचे टोक वाऱ्याच्या सहा ते आठपट वेगाने धावते. वारा सेकंदाला आठ मीटर असला, तर टोकाचा वेग सेकंदाला छप्पन मीटर, म्हणजे ताशी सुमारे दोनशे किलोमीटर! दुरून चक्की संथ फिरताना दिसते, ती तिच्या आकारामुळे. एवढ्या वेगाने फिरणारी तीन सडपातळ पाती वर्तुळातल्या जवळजवळ सगळ्या वाऱ्यापर्यंत पोचतात. चालू असलेला छताचा पंखा पाहा. पाती तीनच असतात, पण डोळ्यांना अखंड तबकडी दिसते.

जोर आणि वेग

मग पाणी उपसणाऱ्या जुन्या पवनचक्क्यांना डझनावारी पाती का असत? ऐंशीच्या दशकात आपल्या देशात पाणी उपसण्यासाठी जी पवनचक्की बसवली जात होती, तिचे नावच ‘१२-पीयू-५००’ होते. बारा पाती आणि पाचशे सेंटिमीटर व्यास. ती काही अडाणीपणाने बनवलेली नव्हती. विहिरीतल्या दट्ट्याच्या पंपाला सुरुवातीलाच भरलेला पाण्याचा स्तंभ उचलावा लागतो. तिथे फिरवण्याचा जोर हवा, वेग नको. पाती जास्त म्हणजे जोर जास्त आणि वेग कमी. उलट वीज निर्माण करणाऱ्या जनित्राला वेग हवा. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. त्यामुळे एक वाढवले की दुसरे कमी झाले तरी चालते, पण काम कोणते आहे हे आधी ठरले पाहिजे.

हा भेद कळायला जगालाही वेळ लागला. अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी १८८८ मध्ये क्लीव्हलंड येथे विजेसाठी पवनचक्की उभारली. तिचा व्यास १७ मीटर, पाती लाकडाची आणि तब्बल १४४! वीज मात्र सुमारे १२ किलोवॅट. पुढे डेन्मार्कमध्ये पौल ला कूर यांनी १८९१ पासून आस्कॉव्ह येथे प्रयोग केले. विजेसाठी थोडी पण वेगाने फिरणारी पातीच बरी, हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. त्याच डेन्मार्कमध्ये योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २४ मीटर व्यासाची, तीन पात्यांची चक्की उभी केली. तिची क्षमता २०० किलोवॅट. ब्रश यांच्या चक्कीशी तुलना केली तर वर्तुळाचे क्षेत्रफळ दुप्पट आणि क्षमता सोळापट. यंत्रे निराळी, वारा निराळा, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरीही १४४ पात्यांपेक्षा तीन पाती दुबळी नसतात, एवढे त्यावरून नक्की दिसते.

चौथ्या पात्याचा जमाखर्च

आता आमच्या शाखेचे पुस्तक उघडू. अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आपण घटत्या सीमान्त फलाचा नियम शिकतो. शेत तेवढेच ठेवून मजूर वाढवत गेले, तर प्रत्येक नव्या मजुराने होणारी उत्पादनातली वाढ कमी कमी होत जाते. इथे शेत म्हणजे वाऱ्याचे वर्तुळ आणि मजूर म्हणजे पाती.

एका पात्याची दोन केली तर मिळणारी शक्ती सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. दोनाची तीन केली तर तीन ते चार टक्क्यांनी. तिनाची चार केली तर जेमतेम एक ते दोन टक्क्यांनी. हे झाले जमेचे. खर्चाच्या बाजूला पाहिले, तर एकंदर यंत्राच्या किमतीत पात्यांचा वाटा ढोबळमानाने पाचवा हिस्सा धरला जातो. म्हणजे शंभर रुपयांच्या यंत्रात तीन पात्यांचे वीस रुपये आणि एका पात्याचे सुमारे सात. चौथ्या पात्यासाठी सात रुपये घालायचे आणि उत्पन्न वाढणार एक-दोन रुपयांनी! कोणताही हिशेबनीस हे पान लाल शाईने खोडील.

कोणी म्हणेल, चार पाती करू, पण बारीक करू. तेही सोपे नाही. त्याच वेगाला चार पाती हवी असतील तर प्रत्येक पाते अरुंद करावे लागते, आणि लांब अरुंद पाते वादळी वाऱ्यात टिकेल इतके मजबूत करणे कठीण व महाग पडते. चौथे पाते गेले ते असे.

पण वाचकांनी इथे मला अडवायला हवे. हाच न्याय लावला तर तिसरे पातेही बसत नाही. त्याचेही खर्चाला सात आणि जमेला तीन-चार. मग जगात सगळीकडे दोन पात्यांच्या चक्क्या का नाहीत? पुस्तकात हे वाचताना माझीही गाडी इथेच अडली होती, आणि पुन्हा विज्ञानाच्या पुस्तकाकडे वळावे लागले.

शिडीचा प्रयोग

माडावर चढायची लांब शिडी उभी धरून स्वतःभोवती वळून पाहा. सहज वळता येते. आता तीच शिडी खांद्यावर आडवी घेऊन वळा. दम लागतो, आणि थांबायचे म्हटले तरी शिडी आपल्याला ओढत नेते. वजन तेच, पण ते शरीरापासून लांब गेले की वळणे जड होते.

वारा दिशा बदलतो तेव्हा पवनचक्कीलाही मनोऱ्यावर तोंड वळवावे लागते. दोन पात्यांची चक्की म्हणजे फिरती शिडीच. पाती उभी असतात तेव्हा वळणे हलके, आडवी झाली की जड. एका फेऱ्यात दोनदा हलके, दोनदा जड. त्यामुळे वळताना मनोऱ्याला आणि यंत्राला सारखे हिसके बसतात.

तीन पात्यांत काय होते? दहावीचे साइन आठवा. उभ्या रेषेपासून पाते जितक्या कोनात असेल, त्या कोनाच्या साइनचा वर्ग हे त्याच्या ‘जडपणा’चे माप. दोन पाती उभी असताना बेरीज ० + ० = ०, आणि आडवी असताना १ + १ = २. म्हणजे बेरीज शून्य ते दोन अशी सारखी हेलकावे खाते. आता तीन पाती घ्या. एक सरळ वर असताना बेरीज ० + ३/४ + ३/४ = १ १/२. एक पूर्ण आडवे असताना १ + १/४ + १/४ = १ १/२. मधला कोणताही कोन घ्या, उत्तर दीडच येते! बेरीज हलत नाही, म्हणून हिसका नाही.

दुसरी गोष्ट, जमिनीपासून उंचावर वारा जोरात असतो आणि खाली मंद. दोन पात्यांपैकी एक माथ्यावर पूर्ण जोर घेत असते, त्याच क्षणी दुसरे मनोऱ्यासमोर, सर्वांत मंद वाऱ्यात असते. म्हणजे वर धक्का, खाली ढिलाई. तीन पात्यांत एक वर असताना उरलेली दोघे खाली डाव्या-उजव्या अंगाला असतात आणि भार वाटला जातो.

हिसका लहान वाटेल, पण फेरे मोजा. मोठे यंत्र मिनिटाला पंधरा फेरे घेते असे धरले, तर वीस वर्षांच्या आयुष्यात दहा कोटींहून अधिक फेरे होतात. तितक्या वेळा धातूला थकवा आला की तुंब्याचे, बेअरिंगचे, गिअरबॉक्सचे काय होईल? यालाच आम्ही घसारा म्हणतो. तिसरे पाते हे वीज वाढवण्यासाठी नाही, घसारा कमी करण्यासाठी आहे. तो एक प्रकारचा विम्याचा हप्ता आहे. शिवाय दोन पात्यांना तेवढीच वीज काढायला अधिक वेगाने फिरावे लागते आणि वेगाबरोबर आवाजही फार वाढतो. जवळ वस्ती असेल तर तोही एक खर्चच.

चार पात्यांचीही बेरीज स्थिर राहते, पाचांचीही राहते. म्हणजे विज्ञान म्हणते, ‘तीन किंवा अधिक’. हिशेब म्हणतो, ‘शक्य तितकी कमी’. दोन्ही अटी पाळणारी संख्या एकच, तीन.

इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये १९४१ साली १२५० किलोवॅटची दोन पात्यांची अजस्र चक्की सुरू झाली. १९४५ च्या मार्चमध्ये तिचे एक पाते तुटून पडले आणि ती बंदच झाली. जर्मनीत १९८३ मध्ये उभी राहिलेली शंभर मीटर व्यासाची ‘ग्रोवियान’ही दोन पात्यांची होती. ती फारच थोडे तास चालली आणि १९८७ मध्ये तिचा प्रयोग संपला. या अपयशांना केवळ पात्यांची संख्या कारण नव्हती, हेही खरे. पण गेडसरची तीन पात्यांची साधी चक्की दहा वर्षे नेटाने चालली, आणि पुढच्या साऱ्या चक्क्यांनी तिचाच कित्ता गिरवला.

मामांचा व्यवहार

हे सगळे मी वाचू लागलो त्याला घरातले एक निमित्त होते. तेरेखोलला मामांची माडापोफळीची बाग आहे. काजूच्या दोन हंगामांची शिल्लक त्यांनी विहिरीवरच्या पंपासाठी राखून ठेवली होती. एका विक्रेत्याने त्यांना छोटी पवनचक्की सुचवली. दोन मीटर व्यास, एक किलोवॅट. ‘इतरांची तीन पाती, आमची पाच, म्हणजे वीजही तशीच जास्त,’ असे त्याचे म्हणणे. मामांनी पत्रक माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, “तू कॉमर्सवालो मरे, बघ बघू.”

पत्रकात बारीक अक्षरांत लिहिले होते, की एक किलोवॅट मिळेल तो वारा सेकंदाला बारा मीटर असताना. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांकडून मी वाऱ्याचा वेग मोजण्याचे लहान यंत्र मागून नेले. मेच्या सुटीत पंधरा दिवस रोज दुपारी बागेत मोजले. किल्ल्याच्या बाजूला वारा बरा होता, पण बागेत, माडांच्या आडोशाला, तो तीन ते चार मीटरच्या वर क्वचितच गेला. बारा आणि चार, तिपटीचा फरक. घनाचा नियम लावा. शक्ती सत्तावीसपट कमी! एक हजार वॅटचे राहिले सदतीस. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालवायला पावणेचारशे वॅट लागतात.

पावसाळ्यात वारा वाढतो हे खरे, पण पावसाळ्यात बागेला पाणी कोण लावतो? मामांनी वही उलटीपालटी केली आणि हसून म्हणाले, “म्हणजे पाती मोजून उपेग ना, वारो मोजूंक जाय!” शिल्लक अजून बँकेतच आहे. या वर्षभर वाऱ्याची नोंद ठेवायची आणि किल्ल्याकडच्या उंच जागेचा विचार मग करायचा, असे ठरले आहे.

असो. एखाद्या यंत्राकडे पाहून ‘हे असेच का?’ असे विचारले, की त्यात निसर्गाचा नियम किती आणि माणसाचा हिशेब किती हे वेगळे करता येते. निसर्गाचा नियम बदलत नाही, हिशेब मात्र बदलू शकतो. भर समुद्रात, जिथे आवाजाची तक्रार करायला कोणी नसते आणि प्रत्येक पाते चढवण्याचा खर्च मोठा असतो, तिथे उद्या दोन पात्यांचा जमाखर्च जुळूही शकेल. तोवर देवगडच्या सड्यावरून किंवा गदगच्या रस्त्याने जाताना फिरते चक्र दिसले, तर वाचकांनी त्याच्या तिसऱ्या पात्याकडे जरा निरखून पाहावे. यंत्र वीस वर्षे टिकावे म्हणून मोजलेली ती किंमत आहे.